पाइपाने कसायचा व्हॉल्व

केवळराम मिस्त्रीला माणसं आवडत नसत, पण त्याहून जास्त त्याला माणसांनी केलेली कामं आवडत नसत. सकाळी फुलचूरहून सायकलने गोंदियाकडे निघाला की वाटेत दिसेल त्या वस्तूचा निकाल लागत जाई. ही खिडकी वाकडी. हा दरवाजा प्लायवूडचा, म्हणजे दरवाजाच नाही. ह्या नाल्यावरचा कठडा ज्याने ओतला त्याला वाळू ओली का कोरडी हे कळत नाही. बसस्टँडवरच्या बाकाला पाय चार आणि टेकतात तीन. कारखान्याच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत अख्खं शहर नापास झालेलं असे आणि केवळरामाला बरं वाटू लागलेलं असे.

ही तुच्छता त्याला परवडत होती, कारण त्याच्या हातचं काम खरोखर चांगलं होतं. मुन्नालाल सेठच्या ओतकामाच्या कारखान्यात तो पॅटर्न करी. लोखंड वितळवून वाळूत ओतायचं तर आधी वाळूत वस्तूचा ठसा हवा, आणि ठशासाठी हुबेहूब लाकडी नमुना हवा. वस्तू आतून पोकळ असली तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा लागतो. तो गाभा पाडायची पेटीही लाकडाची, दोन अर्ध्या भागांची, खुंट्यांनी एकमेकांत बसणारी. केवळराम हे सगळं शिवणीच्या लाकडात करी. शिवण पिळत नाही. त्याची पट्टीसुद्धा इतरांच्या पट्टीपेक्षा किंचित लांब होती, कारण ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि ते धरूनच तिच्यावर खुणा होत्या. ती पट्टी तो कोणाला हात लावू देत नसे. "तुमच्या पट्टीनं कापड मोजा," म्हणे.

त्याच्या बापाने रूपलाल पाटलाच्या बांधीत जन्मभर धान रोवलं. रूपलालचा बाप त्याची मजुरी अंगणाच्या कडेवरून खाली टाकत असे आणि केवळरामाचा बाप ती वाकून उचलत असे. आता रूपलाल राईस मिलचा मालक होता आणि केवळराम आला की ऑफिसात स्वतःच्या समोरची गादीची खुर्ची त्याला देई. "बसा मिस्त्री." नोकराला चहा सांगे. खुर्ची देण्यात रूपलालचा मोठेपणा काही नव्हता, त्याचं काम अडत होतं. केवळरामाला हे पक्कं ठाऊक होतं. हाताला मिळालेली खुर्ची हात चुकला की जाईल हेही ठाऊक होतं. म्हणून त्याचा हात चुकत नसे. निदान चुकला असं कोणाला कळत नसे.

तो चुकला होता एकदा, १९९९ साली.

त्या वर्षी गोंदिया जिल्हा झाला आणि जिल्ह्याच्या नावाने जो तो काहीतरी बांधू लागला. रूपलालने गोरेगाव रस्त्यावरच्या मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाचा प्लँट टाकला. धान टाकीत भिजवायचं, बॉयलरची वाफ सोडून शिजवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. त्याने टाक्या आधी बांधल्या आणि वाफेच्या नळाचा विचार नंतर केला. टाक्यांची तोंडं गवंड्याने नजरेने काढलेली. नळ येई तिरपा, तोंड तिसरीकडेच, आणि बाजारातला कोणताच व्हॉल्व दोघांना जोडेना.

"टाक्या फोडू का आता?" रूपलालने विचारलं.

"फोडाच्याच लायकीच्या आहेत," केवळराम म्हणाला. "पन राहू द्या. मी व्हॉल्वच तिरपा करतो."

त्याने केला. तसा तिरक्या मानेचा व्हॉल्व नागपूरच्या बाजारातही नव्हता. मुन्नालालने नागपूरहून एक इंजिनियर बोलावला होता, तो पेटीवर वाकून म्हणाला, खुंट्यांची भोकं आधी आखून घ्या. केवळरामाने त्याच्याकडे न बघता पेन्सिल कानावर ठेवली आणि दोन्ही अर्ध्यांत नुसत्या नजरेने भोकं पाडली. भोकं अर्ध्या सुताने सरकली होती.

अर्धं सूत म्हणजे दीड मिलिमीटर, नाण्याची जाडी. त्यामुळे गाभा वाळूत किंचित कलंडून बसला, आणि ओतून आलेल्या व्हॉल्वच्या आत झाकण टेकायची बैठकही कलंडली. लेथवर घासून थोडी सावरली, पण त्या बाजूचं लोखंड पातळ असल्याने फार घासता येईना. झाकण एका अंगाने आधी टेके आणि दुसऱ्या अंगाने फट राही. मिलमध्ये बसवल्यावर रूपलालने व्हॉल्वचं चक्र फिरवलं. सगळं फिरवलं तरी वाफ सूं करत राहिली.

केवळरामाला त्या क्षणी कळलं कुठे चुकलं ते. मागे नागपूरचा इंजिनियर उभा होता. केवळरामाने कोपऱ्यात पडलेला दोन फुटी पाइपाचा तुकडा उचलला, चक्राच्या आऱ्यात घातला आणि अंगाचा भार टाकून कसला. लोखंड कुरकुरलं आणि वाफ थांबली.

"हा काय मोरीतला नळ होय गा, दोन बोटानं बंद होवाले?" तो रूपलालला म्हणाला. "वाफ होय ते. पाइप लावून कसाचा."

एवढं झालं. रूपलालने पाइप टाकीशेजारी खिळ्याला टांगला. वर्षभरात आमगाव, तिरोडा, सालेकसा, जिथे जिथे टाक्या अशाच नजरेने बांधल्या होत्या तिथून केवळरामाच्या व्हॉल्वला मागणी आली. व्हॉल्वसोबत पाइप गेला. तीन-चार वर्षांत असं ठरून गेलं की ज्याला पाइप लागतो तो अस्सल. मुन्नालालच्या नावावर दुसऱ्या कोणी नकली माल विकला तर मिलवाले आधी हाताने चक्र फिरवून बघत. हाताने बंद झाला की शिव्या देऊन परत करत. दसऱ्याला बॉयलरसोबत पाइपालाही हळदकुंकू लागे. सोळा वर्षांत कोणालाही हा प्रश्न पडला नाही की जी वस्तू बंद होण्यासाठीच बनवली आहे ती बंद व्हायला एवढा विरोध का करते. केवळराम हे सगळं बघत होता आणि मनात म्हणत होता, गाढव आहेत. पेटीच्या खुंट्या बदलायला तो दर पावसाळ्यात निघत होता. पण खुंट्या बदलल्या तर व्हॉल्व हाताने बंद होणार, आणि मग लोक विचारणार.

२००६ साली धुरपताचा हात भाजला. ती फुलचूरला केवळरामाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत होती आणि रूपलालच्या मिलमध्ये टाकीवर काम करी. पाइप लावून कसताना पाइप आऱ्यातून निसटला, ती अंगाच्या जोरासकट पुढे गेली आणि उघड्या वाफेच्या नळावर पडली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गेली. पुढे जखम भरली, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकेनात.

केवळरामाची बायको पार्वताबाई त्याला ओढून दवाखान्यात घेऊन गेली. खाटेवर धुरपता डोळे मिटून पडली होती. केवळरामाने हातावरची पट्टी बघितली, बांधणाऱ्याने ती नीट बांधली नव्हती. मग तो म्हणाला, "पाइप तिरपा धरला असन. बायांले व्हॉल्व द्यावाचाच नाई, अक्कल लागते."

धुरपता झोपली नव्हती.

परत येताना पार्वताबाई म्हणाली, "तुमी तं बुद्धालेबी म्हनान, मांडी बराबर घातली नाई."

त्या दिवसापासून विहारात समोरासमोर आले तरी धुरपता त्याला जय भीम करीनाशी झाली. केवळरामाने तिच्यासाठीही शब्द शोधून ठेवला होता: घमेंडी.

२०१५ साली मुन्नालालच्या कारखान्यात थ्रीडी प्रिंटर आला. सोबत योगेश्वरी आली. गोरेगावकडच्या पवार शेतकऱ्याची पोरगी, इंजिनियर झालेली, पुण्याला तीन वर्षं नोकरी करून परतलेली. मुन्नालाल म्हणाला, "नई चीज़ है मिस्त्री, नाराज़ मत होना." केवळरामाने मशीनभोवती एक चक्कर मारली. काचेच्या कपाटात एक बारीक तोंड इकडून तिकडे पळत होतं आणि प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देत होतं.

"हे काय होय?"

"यातून पॅटर्न निघतो काकाजी. थर देत देत."

"कुंभारीण माशी बी असंच करते," केवळराम म्हणाला. "चौकटीत मातीचं घर बांधते, थर देत देत. आमी झाडूनं पाडतो."

योगेश्वरी मनापासून हसली. त्याला ते अजिबात आवडलं नाही. हसवण्यासाठी तो बोलला नव्हता.

"लोखंड आकसते, मालूम आहे का तुले? का कालेजात नाई सांगतलं?"

"टाकलंय ना ते. तुमची पट्टीपण मोजून पाहिली मी, तुम्ही जेवायला गेले होते तेव्हा. एकदम बरोबर आहे तुमची."

त्याची पट्टी, आणि न विचारता. वर शाबासकी.

रूपलालने दोन नव्या टाक्या बांधल्या होत्या, अर्थातच नजरेने. योगेश्वरी मिलमध्ये गेली, प्रत्येक टाकीचं तोंड आणि नळ मोजून आली. आत्तापर्यंत तिरका व्हॉल्व एकच होता आणि नळ ठोकून त्याच्याशी जुळवला जाई. आता ती म्हणत होती, टाकीप्रमाणे व्हॉल्व करू, ज्याची मान जितकी तिरपी हवी तितकीच. कॉम्प्युटरवर मान वळवायची, मशीनने पॅटर्न आणि पेटी काढायची, ओतकाम त्याच वाळूत त्याच भट्टीवर. सुरुवात म्हणून तिने केवळरामाची जुनी लाकडी पेटी घेतली आणि तिच्यावरून प्रकाशाचा झोत फिरवून तिचं माप उचललं. पडद्यावर दोन्ही अर्धे एकमेकांवर आले. बहुतेक भाग हिरवा होता. एका कडेने लाल पट्टा होता.

केवळराम मागे उभा होता. सोळा वर्षांत ती चूक त्याने स्वतःही कधी पाहिली नव्हती, फक्त ठाऊक होती. आता ती रंगीत होऊन समोर बसली होती.

"दीड मिलिमीटर सरकलंय," योगेश्वरी म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, मऊ आवाजात, "लाकूड पिळलं असेल काकाजी. किती जुनं झालं."

शिवण पिळत नाही, हे त्याच्या जिभेवर आलं. आयुष्यात शिवणीबद्दल असं बोलणाऱ्याला त्याने सोडलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "पिळलं असन."

तिने बटण दाबलं. लाल पट्टा गेला.

महिनाभराने नवे व्हॉल्व रूपलालच्या मिलमध्ये आले आणि त्यातला एक टाकीवर बसला. मुन्नालाल आला होता, योगेश्वरी होती, आणि केवळरामाला रूपलालने मुद्दाम बोलावलं होतं. "मिस्त्री पास करन तं घेईन," असा निरोप होता. टाकीवर धुरपता होती. योगेश्वरीने तिला व्हॉल्व बंद करायला सांगितला. धुरपताने सवयीने खिळ्यावरच्या पाइपाकडे हात नेला.

"नको मावशी, तसाच कर."

धुरपताने डावा हात चक्राला लावला आणि फिरवला. शेवटचा वेढा तिने नुसत्या बोटांनी दिला. वाफ थांबली. पाइप लागेपर्यंत टाकीजवळ काहीतरी सूं करत राहतं ह्याची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की आवाज गेला तेव्हा सगळे एकदम वर बघू लागले.

"झालं?" रूपलाल म्हणाला.

"झालं."

"एवढ्यातच?" त्याने पुढे होऊन चक्र उघडलं, पुन्हा बंद केलं. त्याचं तोंड पडलं. "हे तं खेळनं होय. पाइप कुठी लावाचा?"

"पाइप लागत नाही काकाजी."

"लागत नाई म्हंजे? जोरच नाई यात. पोरी, सोळा वर्षं झाली मी व्हॉल्व पाहून राहिलो. हलका माल होय हा. प्लास्टिकच्या सोंगातून काढलेलं लोखंड असंच येईन." तो मुन्नालालकडे वळला. "सेठ, मशीन वापस करा. मले लाकडाचा पाहिजे, मिस्त्रीच्या हातचा."

मुन्नालालच्या कपाळावर घाम आला. ह्या एका गिऱ्हाइकाच्या मागे जिल्ह्यातले बाकी सगळे चालत. "मिस्त्री, तू ही बता," तो म्हणाला. "तेरी बात मानेंगे."

केवळरामाला फक्त मान हलवायची होती. तेवढ्याने काचेचं कपाट गेलं असतं, पोरगी गेली असती आणि तो मरेपर्यंत चूक न केलेला माणूस राहिला असता. रूपलालने त्याच्या खांद्यावर हात टाकला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

"पुऱ्या जिल्ह्यात असा हात नाई," रूपलाल सगळ्यांना म्हणाला. "पाइप लागते म्हनून तं अस्सल! म्हनून तं मी याले खुर्ची देतो."

केवळराम त्याच्याकडे बघत राहिला. त्या गुळगुळीत, समाधानी तोंडाकडे. ह्या माणसाने सोळा वर्षं दीड मिलिमीटरची चूक खिळ्याला टांगून पुजली होती. खुर्ची हाताला मिळाली होती असं केवळराम धरून चालला होता. ती त्या चुकीला मिळाली होती. आणि हा गाढव आता त्याला मिठी मारत होता. पश्चात्ताप वगैरे काही त्याच्या मनात नव्हता. अशा माणसाकडून वाचवलं जाणं त्याला सहन होईना, इतकंच.

त्याने रूपलालचा हात खांद्यावरून उचलून बाजूला केला.

"तो पाइप माही चूक होय," तो म्हणाला. "पेटीची भोकं मी सरकून पाडली होती. आखली नव्हती. बैठक वाकडी येते म्हनून कसा लागते. हा पोरीचा व्हॉल्व बराबर आहे. माहा गलत आहे. जिल्ह्यात जेवढे आहेत तेवढे सारे गलत आहेत."

रूपलाल आधी हसला. मग थांबून त्याने मुन्नालालकडे पाहिलं, मग मशीनवाल्या पोरीकडे. "अच्छा," म्हणाला. "घेतलं वाटते तुले बी इकत."

"चुप रहो मिस्त्री," मुन्नालाल दात दाबून म्हणाला. "पूरे जिले में लगा है अपना माल."

"लाकूड पिळलं होतं," योगेश्वरी घाईने म्हणाली. "काकाजींची चूक नाही, जुनं लाकूड—"

"शिवण पिळत नाई वं!" केवळराम ओरडला.

मग बोलली ती धुरपता.

"कवा मालूम झालं तुले?"

ती त्याला भाऊ म्हणायची, तुमी म्हणायची. नऊ वर्षं काहीच म्हणत नव्हती.

"पयल्या दिवशी."

"म्हंजे माहा हात भाजला तवा..."

"मालूम होतं."

"अन् खाटेपाशी उभा राहून मले म्हनला, अक्कल लागते."

हजार लोकांना लावायला केवळरामाकडे हजार शब्द होते, त्यातला एकही आता लागू पडत नव्हता. धुरपताने चक्र पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. मग ती रूपलालला म्हणाली, "मालक, या टाकीवर मी राहीन. ज्याले अस्सल पाहिजे तो बाकीच्या टाक्या चालवन."

तो एक व्हॉल्व काढायला खर्च आला असता, म्हणून रूपलालने तो राहू दिला. बाकीचे त्याने परत केले. ते पुढे छत्तीसगढमधल्या एका मिलने नळ ठोकून जुळवून घेतले, जिथे केवळराम कोण हे कोणाला माहीत नव्हतं आणि व्हॉल्व बंद झाला म्हणजे बंद झाला असं लोक समजत. मशीन टिकलं. गोंदियात मात्र आठवड्याभरात पसरलं की केवळराम मिस्त्री मशीनवाल्यांना विकला गेला. त्याने चूक केली होती ह्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. सोळा वर्षं वाकड्या व्हॉल्वशी झटापट केली, हे कोण मान्य करणार? म्हातारा लबाड निघाला, हे मानणं सोपं होतं. रूपलालच्या ऑफिसातून पुढे त्याला बोलावणं आलं नाही. अस्सल हवा असलेल्यांनी जुने व्हॉल्व बाहेर पाठवून त्यांच्यावरून नक्कल काढून घेतली. नक्कल करणाऱ्यांनी वाकडी बैठकही इमानदारीने उचलली.

पण हे नंतरचं. मिलमधून परतल्यावर त्याच दुपारी केवळरामाने फळीवरून जुनी पेटी काढली. खुंट्या उपटल्या. जुनी भोकं शिवणीचे तुकडे चेपून बुजवली, घासली. मग पेन्सिलने दोन्ही अर्ध्यांवर रेघा आखल्या, दोनदा मोजल्या आणि नवी भोकं पाडली. योगेश्वरीने न सांगता पेटी उचलून झोताखाली ठेवली. पडद्यावर सगळं हिरवं आलं.

"आता तर याची गरजच नाही काकाजी," ती म्हणाली.

"मालूम आहे."

त्याने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. मग हात धुतले.

रविवारी सकाळी तो धुरपताच्या अंगणात गेला. ती ओट्यावर बसून लाखोळीची भाजी निवडत होती, डाव्या हाताने. तिने त्याला बस म्हटलं नाही.

"पेटी दुरुस्त केली," केवळराम म्हणाला.

"कायले?"

ह्याचं उत्तर त्याने तयार केलं नव्हतं. "बराबर झाली," तो म्हणाला. "सारी हिरवी आली."

"मंग लई काम पडलं असन."

तिने हे थट्टेने विचारलं की खरंच, हे त्याला कळलं नाही. कामाबद्दल विचारलं की तो खोटं बोलत नसे, निदान मापाबद्दल तरी.

"नाई," तो म्हणाला. "अर्धा तास."

धुरपताचा हात थांबला. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, खाली-वर, नीट, तो जशी लोकांची कामं बघत असे तसं.

"सोळा वर्षांत तुले अर्धा तास नाई भेटला?"

केवळराम उभाच होता. गल्लीतून कोणीतरी मोटारसायकल काढत होतं. धुरपता तो आवाज सरेपर्यंत थांबली.

"सांग ना," ती म्हणाली.